दारातलं कोलम आणि माझी कंबर

आई गेली तेव्हा तेरा दिवस आमच्या दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची ठिपक्यांची रांगोळी, पडलं नाही. सुतकाच्या घराची तंजावरात तीच खूण. चौदाव्या दिवशी पहाटे मी सडा घातला, तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन वाकले, आणि कंबरेत अशी कळ आली की भिंत धरून उभी राहिले.

मग नवऱ्याच्या मायेला ऊत आला. त्याने बादली काढून घेतली, जमिनीवर बसायला बंदी केली आणि दाराशी प्लास्टिकचं कोलम आणून चिकटवलं. मीही आजारपण मन लावून केलं. तेलं, लेप, पट्टा, असं दीड वर्ष. पापनाशमला बहिणीकडे बसने जाणंसुद्धा सोडलं. दुखणं रतीभर हललं नाही.

शेवटी एक फिजिओथेरपिस्ट भेटली, माझ्या लेकीच्या वयाची. कंबर राहिली बाजूला, झोप येते का, जेवण जातं का, घरात मनातलं कुणाशी बोलता, हेच विचारत बसली. मला रागच आला. मी काय सोयरीक जुळवायला आले होते? मग तिने विचारलं, "न घाबरता शेवटचं कधी वाकलात?"

आईबरोबर, म्हटलं. आणि बोलत सुटले. पाय ताठ ठेवून कमरेतून वाकायची आमची रीत. आई ठिपके मांडायची, मग आम्ही समोरासमोर वाकून अर्धं अर्धं कोलम ओढायचो. माझी रेघ अडखळली की म्हणायची, "थांबू नको गे, हात चालू दे." दिवसभरात तेवढी दहा मिनिटंच आम्ही दोघी भांडत नसू. किती गोड होती ती दहा मिनिटं!

"मणका थोडा झिजलाय," पोरगी म्हणाली, "पण वाकल्याने मोडणार नाही." तिने चालायला लावलं, वेळेवर झोपायला लावलं, बहिणीकडे धाडलं. वाकणं आधी टेबलापर्यंत, मग स्टुलापर्यंत, मग पाटापर्यंत.

गेल्या शुक्रवारी मी ते प्लास्टिक खरवडून काढलं. वाकले. दुखलं, पण हात चालू ठेवला. ठिपके मांडले, माझ्या बाजूच्या रेघा ओढल्या आणि सवयीने थांबले. समोरचं अर्धं कोरंच होतं. मग पलीकडे गेले, आईच्या जागी उभी राहिले आणि पुन्हा वाकले. ती गेल्यापासून न रडलेली मी तिथे, वाकल्या वाकल्याच, ढसाढसा रडले.