मामीचे बुडबुडे

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या अख्ख्या कारखानदारीत समुद्राबद्दल सगळ्यात जास्त बोलणारा आणि समुद्राशी सगळ्यात कमी नातं असलेला माणूस शोधायचा ठरवला, तर माझ्या मामांच्या जवळपाससुद्धा कुणी पोहोचणार नाही. पोहोचणार नाही म्हणजे पोहत येणार नाही, कारण मामांना स्वतःलाच पोहणं आलं ते पन्नाशी जवळ आल्यावर. त्यांचं बालपण मराठवाड्यातल्या एका गावात गेलं, जिथे पाणी टँकरनं यायचं आणि त्यात बुडायचं सोडाच, पाय धुतले तरी आजी ओरडायची. पुढे चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी इन्चार्ज झाल्यावर त्यांनी ताथवड्याच्या पोहण्याच्या तलावात फळी धरून हातपाय मारले आणि त्याच हिवाळ्यात मित्रांबरोबर मालवणला जाऊन स्कूबा करून आले. तेव्हापासून पाण्याखालचं जग निसर्गानं खास पुरुषांसाठी राखून ठेवलं आहे, असा शोध त्यांच्या नावावर जमा आहे.

या शोधाला अर्थातच शास्त्रीय बैठक आहे. ती मामा साखरपुड्यात, बारशाला, पंगतीत हातातली जिलेबी हलवत मांडतात. "पुरुषाचं फुफ्फुस मोठं. मोठं फुफ्फुस म्हणजे मोठा दम. बायकांना खाली थंडी वाजते, भीती वाटते, आणि तोंड बंद ठेवावं लागतं, ते तर त्यांना जमतच नाही." हे ते स्वतः सलग अर्धा तास बोलत सांगतात, आणि शेजारचे शिफ्टवाले मित्र "बरोबर आहे राव" म्हणत मठ्ठा ओढतात. मी कंपन्यांच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. असल्या विधानाला उत्तर दिल्याशिवाय मला घास गिळत नाही. एकदा म्हटलं, "मामा, मोठ्या इंजिनाला डिझेलही जास्त लागतं ना? मग मोठ्या फुफ्फुसाला हवा जास्त नको का?" मामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "इंजिनाचं मला सांगायलीस? मी चाकणला आहे."

मोशीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये या छंदाच्या खुणा जागोजागी आहेत. बाल्कनीत त्यांचा काळा रबरी सूट हँगरला लटकत असतो; लांबून तो माणूसच वाटतो, आणि एका नव्या दूधवाल्यानं त्याला दोन दिवस आदरानं नमस्कारही केला. डोळ्यांवर लावायचा मास्क वर्षभर कपाटात पडून असतो, असा मामांचा समज आहे. प्रत्यक्षात मामी तो लावून कांदा चिरते.

मामी मूळची मोशीचीच. तिच्या माहेरच्या मळ्यात विहीर होती, आणि कुणाची कळशी त्यात पडली की वरून पोरगे गळ टाकून खाली बघत बसायचे आणि मामी सरळ उडी मारून तळातून ती घेऊन यायची. आता त्या विहिरीवर एका टॉवरचं पार्किंग आहे. अशा या बाईला मामांनी दर हिवाळ्यात मालवणला नेलं आणि दर हिवाळ्यात होडीत बसवून ठेवलं. मांडीवर सगळ्या पुरुषांच्या चपला, घड्याळं आणि मोबाइल. ती म्हणायची, "एकदा मलाबी बघायचंय, तळ." त्यावर मामांचं उत्तर थेट कंपनीतून यायचं. त्यांच्याकडे टाकी साफ करायला कुणी आत उतरला, तर तोंडाशी एक माणूस बसवतात. आतला वर येईपर्यंत त्यानं मान फिरवायची नाही. मामा मामीला समजावायचे, "तुझं काम ते. जबाबदारीचं आहे." इतकं जबाबदारीचं, की स्वतः त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं.

गेल्या वर्षी मी मामीला गुपचूप ताथवड्याच्या तलावावर नेलं. स्कूबा रीतसर शिकून तिनं त्याची परीक्षाही दिली. मामांपुढे इलाज उरला नाही, तरी त्यांनी अट घातलीच: मामी उतरेल ती त्यांच्याच जोडीनं, आणि जोडीतला एक वर आला की दुसऱ्यानंही यायचं. नियम चांगलाच आहे. त्यात फक्त मामांचं फुफ्फुस विचारात घेतलेलं नव्हतं.

मालवणला ती दोघं प्रशिक्षक मुलीबरोबर खाली गेली. चपला सांभाळायला होडीत मी. थोड्याच वेळात मामा वर आले, लालबुंद, आणि मास्क काढण्याआधीच म्हणाले, "तिला थंडी वाजायलती." मागून आलेल्या प्रशिक्षक मुलीनं दोघांच्या सिलिंडरचे काटे पाहिले. "काकांची हवा संपत इली. काकींची अजून अर्ध्याच्या वर आसा."

मामी होडीच्या कडेला बसून राहिली. "खडकाच्या पल्याड लई मासे हुते. दिसायला लागले आन् ह्यांनी दंड धरला." मग मामांकडे न बघता म्हणाली, "उद्या शेवटची खेप हाय. माझी हवा हाय अजून. तुमची संपली म्हणून मी का वर यायचं?"

आमच्या घरात आजवर आलेल्या सगळ्या पत्रकांत मिळून मला इतकं नेमकं वाक्य सापडलेलं नाही. मामा आपल्या सिलिंडरच्या काट्याला टिचकी मारून बघत होते.

दुसऱ्या सकाळी त्यांनी सूट चढवलाच नाही. "कान दुखायलाय," म्हणाले. कोणता, ते त्यांना लगेच आठवेना. त्यांचे मित्र खाली गेले, मामी प्रशिक्षक मुलीबरोबर उतरली आणि मामा होडीच्या टोकाला जाऊन बसले. मी चहा पुढे केला, तर वळले नाहीत. म्हणाले, "तोंडाशी बसलेल्या माणसानं मान फिरवायची नसते." मग पाण्याकडे बोट केलं. "ते दाट, धसमुसळे बुडबुडे आपल्या गड्यांचे. आणि ते बारीक, सावकाश येणारे तिचे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"इतकी वर्षं शेजारी झोपतो. तिचा श्वास ओळखू येणार नाही का?"

तो कान अजून बरा झालेला नाही. फुफ्फुसाचा सिद्धांत मात्र ठणठणीत आहे, गेल्याच महिन्यात एका बारशाला तो ऐकला. पण मला मामा म्हटलं की ती सकाळ आठवते. एकेक करून सगळे पुरुष वर आले, टॉवेल गुंडाळून आपापल्या चपला शोधू लागले. पाण्यावर प्रशिक्षक मुलीच्या बुडबुड्यांशेजारी ती बारीक बुडबुड्यांची ओळ तेवढी उरली होती, खडकाच्या पलीकडे. मामा तिच्याकडे बघत बसले होते, मांडीवर मामीच्या चपला घेऊन, त्या भिजू नयेत म्हणून.