फारूखचाचा चिनी टाइप करतात

गुलमंडीमागच्या गल्लीत फारूखचाचांचं टायपिंगचं दुकान होतं. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्हींत हात सारखाच चालायचा. टाइपरायटर गेले, जुना कॉम्प्युटर आला. तो चालवायला चाचांनी त्यावर फुकटचं लिनक्स बसवलं आणि काही बिघडलं तर स्वतःच निस्तरायची सवय लावून घेतली. मी टायपिंग त्यांच्याकडेच शिकलो.

२०१३ च्या मार्चात योगिनी दुकानात आली. ती दौलताबादची, अजिंठ्याला चिनी बोलणाऱ्या पर्यटकांची गाईड. गळ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी घातलेली. तिनं वहीत लिहून दाखवलं, 'चाचा, पंधरा दिवसांनी तैवानचे बावीस लोक येणारेत. त्यांना मीच हवीय. लेण्यांची माहिती कागदावर द्यावी लागेल. माझं चिनी अक्षर कुणाला लागत नाही. टाइप होईल?'

"आजवर नाय केलं," चाचा म्हणाले. "पण व्हईल."

चिनी अक्षरं हजारो. इंग्रजी कळांनी उच्चार टाइप करायचा आणि समोर येणाऱ्या अक्षरांतून हवं ते निवडायचं, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. तयार मिळाला तो चाचांच्या जुन्या लिनक्सवर बसेना. पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून तयार होतो तो मूळ मजकूर, सगळ्यांना खुला होता. चाचांनी तो इंटरनेटवरून उतरवून घेतला अन् स्वतःच प्रोग्राम तयार करायला बसले.

पहिल्याच दिवशी गाडं अडलं. अमुक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार सुटा भाग, नाही. ती आणली तर तिला आणखी दुसरी हवी. चाचा एकेक चूक वहीत उतरवून घ्यायचे. त्या वर्षीच्या दुष्काळात नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. घरून फहमिदाचाचींचा फोन यायचा, "अजी, नल आया! मशीन कू बाद में मनाव." चाचा पळत जायचे, ड्रम भरायचे आणि ओल्या पँटीनंच परत येऊन बसायचे. शेवटी त्यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाच मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. कुणा अनोळखी माणसानं कळवलं, की प्रोग्रामला शब्दांची फाईलच सापडत नाहीये. नवव्या दिवशी पडद्यावर अक्षरं उमटली. चाचांनी शेजारच्या कापडवाल्याला हाताला धरून आणलं. "देखो, निकल आया!" त्याला त्यातलं काय कळणार? पण चहा त्यानं मागवला.

योगिनीनं उच्चार लिहून दिले, चाचांनी टाइप केले आणि चुकलेली अक्षरं तिनं घाईघाईत दुरुस्त करून घेतली. छापलेले कागद घेऊन दोघं अजिंठ्याला गेले. पाहुणे झाडाखाली वाचायला लागले आणि एकदम हसत सुटले. एका म्हातारीच्या तर डोळ्यांतून पाणी आलं.

योगिनीनं कपाळाला हात लावला आणि वहीत लिहिलं, 'उन्हात फिरताना थोडी थोडी झोप पीत राहा, असं छापलंय.'

चिनीत पाणी आणि झोप यांचे उच्चार जवळपास सारखे. प्रोग्राम आधी निवडलेलं अक्षर पुढच्या वेळी पहिलं दाखवतो. एकट्यानं सराव करताना चाचांनी झोपेचंच अक्षर निवडलं होतं, का तर ते दिसायला छान होतं.

"तौबा!" चाचा पुटपुटले. ती म्हातारी त्यांच्याजवळ आली. योगिनीच्या वहीत तिनं पाण्याचं अक्षर मोठं काढलं आणि चाचांच्या हाती पेन देऊन तीनदा गिरवून घेतलं. चौथ्यांदा चाचांनी न बघता काढलं, तेव्हा बावीसही जणांनी टाळ्या वाजवल्या.

पावसाळ्यापर्यंत योगिनीचा आवाज परत आला. कागद मात्र तिनं चालूच ठेवले. चाचांनी दुकानाच्या पाटीवर 'चिनी' रंगवून घेतलं. त्याचं गिऱ्हाईक वर्षाला दोन-तीन. तेवढ्यासाठी ते आजही दर महिन्याला प्रोग्राम चालतोय का, ते बघून घेतात.