बोटांना कापणारी गिटार

चूक माझीच होती. माझ्या लेकीने, मुक्ताने, नवी इलेक्ट्रिक गिटार हाती घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "बाबा, ही बोटांना कापते. आणि वरचे सूर नीट लागतच नाहीत." मी हसून म्हणालो, "गिटार कोरी करकरीत आहे, राणीसाहेब. रियाज कच्चा आहे." ती काही दिवस वाजवत राहिली. मग गिटार कोपऱ्यात गेली आणि तिचं गुणगुणणंही थांबलं.

काल खंडेनवमीला घरातल्या अवजारांबरोबर मी तीही पूजेला मांडली. हळदकुंकू लावण्याआधी दांडी पुसताना फडकं अडकलं. बोट फिरवून पाहिलं. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं घासायचीच राहून गेली होती, एक पट्टी तर चक्क वर उचललेली होती; वरचे सूर लागत नव्हते ते तिच्यामुळेच. बोटावर रक्ताचा थेंब आला.

मंडईत मी वांगंसुद्धा उलटंसुलटं करून घेतो. खोक्यातून चकाकत आलेल्या वस्तूवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला. कारखान्यात कुणाची तरी नजर चुकली असेल. माझ्यासमोर तर लेक लाल झालेली बोटं घेऊन उभी होती. गिटार बदलूनही मिळेल. पण 'आपल्यालाच जमत नाही' असं मनाशी ठरवून बसलेल्या पोरीचं गाणं कुठल्या दुकानात दुरुस्त होतं?

मी तिच्या खोलीत गेलो. मान वर न करता ती म्हणाली, "येते मी पूजेला, तुम्ही व्हा पुढे."

"तू खरं सांगत होतीस गं," मी म्हणालो. "मी तुझे हात बघितलेच नाहीत. माझं चुकलं."