मोठं वर्तुळ

आईला जन्मभर वर्तुळं काढायची शिक्षा होती. खनिजांच्या कचेरीत ती नकाशे काढायची. जमिनीखाली धातूचा साठा सापडला की त्या जागी वर्तुळ. लहान साठ्याला बारीक, मध्यमला जरा थोराड, मोठ्याला सर्वांत मोठं. प्रत्येक धातूचं माप निराळं. सोनं काही टन निघालं की मोठा साठा. लोखंड तेवढंच निघालं तर कोणी ढुंकून बघत नाही. "माणसांचंही तसंच असतं," असं म्हणून ती दुखरी मान शेकत बसायची.

मावशीचं, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचं घर तांब्याच्या एका मध्यम साठ्यावर होतं. मध्यम होता म्हणूनच घर टिकलं. मध्यमच्या वाटेला कंपन्या जात नाहीत. मोठा ठरला की वस्ती उठलीच म्हणायची. मग शेजारच्या टेकडीखालीही तांबं लागलं.

"ताई, पेन तुझ्याच हातात आहे," मावशी फोनवर हसत म्हणाली. "बहिणीसाठी जरा हात आखडता घे की!"

आई हसली नाही.

फार जवळचे दोन साठे एकच धरायचे, असा कचेरीचा नियम. आईने भूगर्भवाल्या साहेबांना विचारून पाहिलं, "हे दोन वेगळे धरले तर?"

"तर दोन्ही मध्यमच राहतील," साहेब म्हणाले. "पण मधलं अंतर फारच कमी आहे हो. नाही धरता येणार."

साहेब वाईट नव्हते, आणि त्याचाच मला राग येतो. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

आईने मोठं वर्तुळ काढलं. वस्तीचं नाव त्याच्या पोटात आलं. वर्तुळात अक्षरं चालत नाहीत, म्हणून तिने ते ब्लेडने खरवडलं आणि बाहेर मोकळ्या जागेत लिहिलं. हे तिने मला फार नंतर सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता.

त्या संध्याकाळी तिने मान शेकली नाही. खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता ती मागच्या खोलीतली अडगळ बाहेर ओढायला लागली.

"अगं, चहा तरी घे," मी म्हटलं.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. आईचे हात धुळीने भरलेले, म्हणून मी स्पीकर लावून तिच्यापुढे धरला.

"काय गं ताई, केवढं काढलंस?"

आईने खोलीचं दार वितीने मोजून पाहिलं.

"तुझं कपाट किती रुंद आहे गं?" तिने विचारलं.