जीवराम मिस्तरीच्या डोक्यावरची पाटी

धुळ्यात सायकलच्या दुकानात कारागिराला वरकड पैसे कसे द्यायचे, याची एक रीत होती. कुणी शिकवलेली नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होती. कामाचे पैसे गादीवर शेठच्या हातात द्यायचे. मग बाहेर यायचं, सायकलच्या सीटवर एखादं नाणं ठेवायचं आणि उगाच रस्त्याकडे बघत उभं राहायचं. कारागीर फडकं घेऊन सीट शेवटची पुसायचा. फडकं उचललं की नाणं नसायचं. हातात कधी द्यायचं नाही. हात ऑइलने काळे असतात हे एक, आणि हातावर ठेवलं की भीक घातल्यासारखं होतं हे दुसरं. काम सुरू व्हायच्या आधीही द्यायचं नाही, ती लाच झाली. पंक्चरला काही नाही. डुलणारं चाक तारा ताणून सरळ केलं, म्हणजे आउट काढला, तर दहा पैसे. सगळी सायकल खोलून ‘ओव्हरऑइलिंग’ केलं तर चार आणे. खेड्यातला माणूस कॅरिअरवरच्या पिशवीतून दोन वांगी काढून ठेवायचा. तेही चालायचं.

आग्रा रोडच्या एका बोळातल्या माणकचंद शेठच्या दुकानात ही रीत मोडली, आणि ती मोडायला माझा हात लागला. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. अक्षर चांगलं, एवढाच माझा गुण, आणि त्यानंच घात केला. कंटाळलोय आता ही गोष्ट मनात घोळवून. लिहून टाकतो.

त्या दुकानात जीवराम नावाचा मिस्तरी होता. शिंदखेड्याकडचा, अंगानं काटकुळा, बोलायला कमी. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. पगाराच्या वहीत अंगठा उठवायचा. पण चाकाच्या कामात त्याला तोड नव्हती. चाक फिरवून डोळे मिटायचा आणि रिमला नुसतं बोटाचं टोक लावून बसायचा. कुठं सूतभर बाहेर गेलंय ते त्याचं बोट सांगायचं. मग एक तार अर्धा आटा आवळायची, समोरची जरा सैल करायची. मी वर्गात पन्नास पोरांना वर्षभर सरळ करू शकत नव्हतो, हा वाकडं चाक पाव तासात सरळ करायचा. मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा.

सीटवरचं नाणं त्याला प्रिय होतं, पण हावरटासारखं नाही. एकदा मी चार आणे ठेवले आणि म्हटलं, “मिस्तरी, एवढ्याशा पैशाचं तुम्हाला काय होतं?”

तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पोरेस्ले मार्क देतस ना? तशे मार्क शेतस हाई. पगार शेठ देस. मार्क गिऱ्हाईक देस.”

मला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंसुद्धा. आणि त्याच वर्षी, सदुसष्ट साली, दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी त्याचे मार्क मी कायमचे बंद केले.

झालं असं की माणकचंद शेठनी मला गादीवर बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या दोन मुलांची शिकवणी माझ्याकडे होती, पैसे वेळच्या वेळी द्यायचे, माझ्या सायकलचं पंक्चर फुकट. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकं लबाड झाली आहेत. सीटवर दहा पैसे ठेवतात आणि मिस्तरीकडून रुपयाचं काम जास्तीचं करून घेतात. अगदीच खोटं नव्हतं ते. जीवराम खूश झाला की न सांगता चेन धुऊन द्यायचा. शेठ म्हणाले, “गुरुजी, एक पाटी लिहून द्या. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. कारागिरास बक्षीस देऊ नये, बस एवढंच.”

मी पत्र्यावर निळा रंग दिला, पांढऱ्या रंगानं अक्षरं काढली. खाली बरीच जागा उरली. रिकामी जागा मास्तराला बघवत नाही. म्हणून मी आपल्या मनानं दुसरी ओळ घातली: ‘त्यास पुरेसा पगार दिला जातो.’ पगार किती होता ते मला माहीत होतं. पुरेसा नव्हता. पण ओळ दिसायला छान दिसत होती.

पाटी जीवरामच्या बसायच्या जागेच्या बरोबर वर लागली. त्यानं शेठना विचारलं, काय लिहिलंय? शेठ म्हणाले, “उधारी बंद.” नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्याला कशाला सांगायचं? वाईट वाटेल बिचाऱ्याला.” मी मान डोलावली. त्या वेळी मला तो शहाणपणाच वाटला.

पुढचं सगळं इतकं साधं आहे की रागही धड कुणावर काढता येत नाही. दसऱ्याला जीवरामनं हत्यारांची पूजा केली, पान्यांना, पंपाला झेंडूची फुलं वाहिली आणि स्टुलावर चढून पाटीलाही हार घातला. मालकाची पाटी, उधारीच्या कटकटीतून सोडवणारी. मी समोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. तो चहा मला गोड लागला नाही.

उधार मागणारे शेठकडे जायला कचरत. ते आधी मिस्तरीजवळ वाकून हळूच विचारत, आणि जीवराम हसून बोट वर करायचा, “वाचता येस ना? मंग वर देखा.” माणूस वर बघायचा, ‘बक्षीस देऊ नये’ वाचायचा आणि गोंधळून निघून जायचा. लांबून बघणाऱ्यांनी त्याचा भलताच अर्थ काढला. मिस्तरी स्वतःच बोट दाखवून बक्षीस नाकारतो, अशी बोलवा झाली. वकिलाकडचे कारकून लीलाधर तर मला म्हणाले, “गुरुजी, असा तत्त्वाचा माणूस धुळ्यात दुसरा नाही.” त्यांचा आवाज भरून आला होता. दरवेळचे दहा पैसे वाचत होते, मन भरून यायला काय जातं?

माझंही तेच. मीही ठेवणं बंद केलं. शेठ गादीवरून बघत असायचे आणि पाटी माझीच होती. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. देण्याची सवय सुटायला फार दिवस लागत नाहीत.

फक्त जीवरामला काही उमगेना. काल-परवापर्यंत खुशीनं सीटवर नाणं ठेवणारी माणसं आता सायकल घेऊन गुपचूप जात होती. पहिले काही महिने तो सीट पुसून वाट बघायचा. मग त्यानं सीट दोनदा पुसायला सुरुवात केली. मग काम वाढवलं. जुळवलेलं चाक पुन्हा खोलायचा, पुन्हा तारा आवळायचा, बोट लावायचा, मान हलवायचा, पुन्हा सैल करायचा. पाव तासाच्या कामाला तास लागायला लागला. शेठ ओरडायचे. गिऱ्हाइकं खोळंबायची आणि खोळंबली की त्रासिक तोंडानं निघून जायची. त्या तोंडांकडे बघून आपलं कामच बिघडलंय, अशी त्याची खात्री पटत गेली.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात मी माझी सायकल ओव्हरऑइलिंगला टाकली. दुपारी घ्यायला गेलो तर सायकल नव्यासारखी चमकत होती. मडगार्डच्या आतली बाजूसुद्धा त्यानं घासली होती. शेठ जेवायला घरी गेलेले. दुकानात आम्ही दोघंच. मी सायकलला हात घातला तसा तो उठून उभा राहिला.

“गुरुजी, एक विचारू? खरं सांगा. मना हात बिघडना का?”

“छे, काहीतरीच काय! कोण म्हणतं?”

“म्हनत कोनी नही. म्हनीसनच तं विचारस. बठ्ठा लोके गुपचूप निंघी जातस. दोन वरीस व्हयनात. कोनी मार्क देत नही. तुम्ही बी नही.”

माझ्या खिशात चार आणे होते. डोक्यावर पाटी होती. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य बोललो तर ते शेठकडे जाणार, शेठ विचारणार कुणी सांगितलं, आणि दोन मुलांची शिकवणी जाणार. त्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं. मी म्हणालो, “लोक हल्ली घाईत असतात, मिस्तरी. मनाला लावून घेऊ नका.” आणि सायकल काढली. माझ्या नोकरीत मी पोरांना पुष्कळ खोटं शिकवलं असेल, पण ते न कळून. हे कळून होतं.

त्यानं मनाला लावून घेतलंच. एकाहत्तर साली दिवाळीनंतर त्यानं पान्यांची पिशवी गादीवर ठेवली आणि म्हणाला, “दुसरा मानूस देखा शेठ. माले आते जमस नही.” शेठना वाटलं पगारासाठी अडून बसलाय. त्यांनी पाच रुपये वाढवतो म्हटलं, मग दहा. तो म्हणाला, फुकटचे पैसे नकोत. शेठनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांनाही कळेना की माणूस असा का वागला. मला कळत होतं. मी नवीन मिस्तरी कसा आहे ते विचारलं.

बहात्तरचं साल कसं गेलं ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. त्र्याहत्तरला माझी बदली शिंदखेडा तालुक्यात झाली. शाळेच्या वाटेवर दुष्काळी काम चालू होतं, रस्त्याच्या खडीचं. उन्हात दोनशे माणसं बसून दगड फोडत. मी रोज सायकलवरून त्यांच्याकडे न बघता जायचो. बघून करणार काय? एके दिवशी माझं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं आणि ब्रेकला घासायला लागलं. उतरून ओढत चाललो होतो तेव्हा हाक आली, “गुरुजी!”

जीवराम होता. डोक्याला फडकं, पापण्यांवर पांढरी धूळ. शेजारी त्याची बायको झुंबरबाई घमेल्यात खडी भरत होती. त्यानं उठून माझी सायकल उलटी केली, चाक फिरवलं, डोळे मिटले आणि बोट लावलं. बराच वेळ लावून बसला. मग डोळे उघडून बोटाकडे बघितलं. बोटांची टोकं फुटून, बरी होऊन, पुन्हा फुटून टणक झाली होती. खिळ्यालासुद्धा त्या बोटांनी दाद दिली नसती.

“काही समजत नही,” तो म्हणाला. “पन हाई आतेनं नही, गुरुजी. धुयामाच, शेठना दुकानमाच गया व्हता मना हात.”

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. आता शेठची भीती नव्हती, शिकवणी नव्हती; धैर्य दाखवायला मला अशी फुकटची जागा लागते. मी त्याला सांगितलं. ती पाटी उधारीची नव्हती. त्यावर लिहिलं होतं, कारागिराला बक्षीस देऊ नका. म्हणून लोक देत नव्हते. काम तर ते नावाजायचे, आपसात.

तो सायकल सोडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “परत सांगा.”

मी परत सांगितलं, शब्दन्‌शब्द. ती पाटी मी लिहिली, एवढं मात्र वगळलं. सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्याचा चेहरा बदलत चालला होता, आणि मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर मी सगळंच कबूल केलं असतं, अशी मी आजही स्वतःची समजूत घालतो.

तो हसला. एवढा मोकळा हसताना मी त्याला दुकानात कधी पाहिलं नव्हतं. मांडीवर थाप मारून बायकोकडे वळला, “आयकं का वं? मना हात बेस व्हता! लोके पाटी वाचीसन देत नव्हतात. हात बिघडनाच नव्हता मना!” आजूबाजूच्या दोघा-चौघांनी हातोडे थांबवून बघितलं, तर त्यांनाही त्यानं तेच सांगितलं. पोराचा पेपर फेरतपासणीत पास व्हावा तसा तो सांगत सुटला होता.

झुंबरबाई हसली नाही. तिनं घमेलं खाली ठेवलं, पदरानं तोंडावरची धूळ पुसली आणि आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. विचारलं तिनं अगदी साधेपणानं, खरंच कळत नसल्यासारखं.

“मंग आपन आठे खडी काबर फोडी ऱ्हायनूत?”