भोंगा आण्णा हसले नाहीत

आण्णा हसले की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. खोटं वाटत असेल तर आमच्याकडे कुणालाही विचारा. आधी एक खोकला, मग खांदे हलायचे, आणि मग गिरणीचा भोंगा वाजावा तसं ते हसू सुटायचं. म्हणून ते भोंगा आण्णा. मुलीच्या लग्नपत्रिकेवरही त्यांनी हे नाव कंसात छापून घेतलं होतं, नाहीतर निम्मे पाहुणे वाटेतच चुकले असते.

दुसरी खोड म्हणजे 'मग?'. कुणी कुणाची चहाडी घेऊन आलं की आण्णा अडकित्ता बाजूला ठेवून शांतपणे विचारायचे, "मग?" तो पुढं सांगायचा. "मग?" चौथ्या 'मग'ला सांगणारा चप्पल शोधायला लागायचा. त्यात रागाचा लवलेश नसायचा. त्यांना खरोखरच पुढचं ऐकायचं असायचं, आणि पुढं बहुतेक वेळा काही नसायचंच.

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर ते दिवाणजी होते. "पिवळा गूळ बघायला, काळा गूळ खायला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आफ्रिकेतून शेतीचं शिक्षण घ्यायला आलेल्या जोसेफला त्यांनी वरची खोली भाड्यानं दिली, तेव्हा गल्लीतला एकजण कुजबुजला, "आण्णा, पोरगं लई काळं हाय हो."

"मग? खोली द्यायची हाय. गुळाचा सौदा हाय व्हय रंग बघायला?"

जोसेफ महिन्याभरात तांबडा रस्सा डोळ्यांतून पाणी न काढता प्यायला लागला आणि दर वाक्याला 'की' लावायला लागला. आण्णा त्याला 'आमचं वरचं पोरगं' म्हणायचे.

आमच्या जवळच्या टॉकीजच्या मॅनेजरला आण्णांच्या हसण्याची किंमत बरोबर कळली होती. विनोदी पिक्चर लागला की शुक्रवारच्या पहिल्या खेळाला मधल्या रांगेतली बारा नंबरची खुर्ची आण्णांसाठी राखीव, तीही फुकट. आण्णा हसले की अख्खं थिएटर हसायचं. पुढं पुढं तर पब्लिकला अशी सवय लागली की जोक झाला तरी लोक आधी बारा नंबरकडं बघायचे आणि मगच हसायचे.

त्या शुक्रवारी आण्णा मोठ्या हौसेनं जोसेफला आणि शेजारी राहणाऱ्या मला घेऊन गेले. पोराला आपला पिक्चर दाखवायचा होता. अर्ध्या तासात पडद्यावर हिरोचा मित्र तोंडाला बूटपॉलिश फासून, कमरेला पाला गुंडाळून, आफ्रिकेचा पाहुणा म्हणून उड्या मारत आला. एक बाई किंचाळून पडली. हिरो ओरडला, "लाईट लावा, हा दिसत नाही!" आणि मी हसलो. लिहायला लाज वाटते, पण हसलो, आणि बारा नंबरकडं न बघता सगळ्यांच्या आधी हसलो.

मग शेजारी बघितलं. जोसेफ पॉपकॉर्नच्या पुडीत बघत होता. पलीकडं आण्णा दगडासारखे बसले होते. पब्लिक माना वळवून वाट बघत होतं. खोकला नाही, खांदे नाहीत, काही नाही. पुढचे तीन जोक असेच शांततेत गेले. शेवटी आण्णा उठले. त्यांची सावली पडद्यावर पडली, लोक "बसा की!" म्हणून ओरडले, आणि आण्णा आम्हां दोघांना घेऊन थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले.

"आण्णा, भोंगा का बंद?" मॅनेजर रडकुंडीला आला होता. "पिक्चर पडंल की!"

"मला जोक कळंना. समजावून सांग."

"अवो, तो काळं फासून येतोय न्हवं?"

"मग?"

"मग... काळा दिसतोय की."

"मग?"

"मग ती बाई घाबरतीया."

"मग?"

मॅनेजरनं जोसेफकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "मग काय न्हाय," तो म्हणाला.

"मला बी तेच वाटलं. आता हे ह्या पोराला सांग. त्याला हितं मी आणलंय, मला तोंड न्हाय."

"सॉरी, पावणं," मॅनेजर पुटपुटला, आणि सुचेना म्हणून त्यानं तिघांना सोडा पाजला.

बाहेर पायरीवर आम्ही बसलो. मी म्हणालो, "जोसेफ, मी हसलो रे. चुकलं." तो म्हणाला, "ऐकलं की मी." आण्णांना इतकं उतरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. हे पोरगं आता आपल्या घरात राहायचं नाही, याच धास्तीनं ते बसले होते.

"तुला राग आला असंल," ते म्हणाले.

"आला की." जोसेफनं सोड्याची बाटली खाली ठेवली. "मग?"

"मग तू खोली सोडून जाशील."

"मग?"

"मग... आमची ही रोज तुझ्या वाटणीची भाकरी थापंल चुकून."

"मग?"

आण्णांनी चमकून वर बघितलं. जोसेफचा चेहरा हुबेहूब आण्णांचा झाला होता, भुवयांसकट. खोकला आला. खांदे हलले. आणि भोंगा असा सुटला की जोसेफनं खिशातून मोबाइल काढून तो टिपून घेतला. त्याच क्षणी टॉकीजच्या भिंतीपलीकडून पब्लिकचा प्रचंड हशा आला. मॅनेजर धावत बाहेर आला.

"आण्णा, थांबा की वो! आत हिरोची आई मरायला लागलीया आणि पब्लिक हसतंय!"

आण्णा थांबणं शक्यच नव्हतं. पिक्चर सोमवारी उतरला. मॅनेजर दोन आठवडे बोलला नाही, पण बारा नंबरची खुर्ची त्यानं दुसऱ्या कुणाला दिली नाही. जोसेफ शिक्षण संपेपर्यंत वरच्याच खोलीत राहिला.

गेल्या थंडीत आण्णा गेले. तेराव्याला जोसेफचा त्याच्या देशातून व्हिडिओ कॉल आला. मी फोन आण्णांच्या फोटोसमोर धरला. त्याला बोलवेना. त्यानं दुसरा मोबाइल जवळ आणला आणि टॉकीजच्या पायरीवरचं ते हसू लावलं.

पहिला सूर ऐकूनच आण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पदर तोंडाला लावला. भोंगा चढला तसा कोपऱ्यात बसलेला मॅनेजर हसत सुटला, मग मी, मग सगळी बैठक. तेराव्याला हसणं आमच्याकडे शोभत नाही, पण आण्णा हसल्यावर न हसणं कुणाला जमलंय?

हळूहळू हसू ओसरलं. तिकडं जोसेफनं डोळे पुसले आणि आम्हांला विचारलं, "मग?"

काकू फोनजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "मग... ह्यांच्या वाटणीची भाकरी मी अजून थापतीया चुकून."