दारात कोणी आलंच नाही

भवानी पेठेतल्या त्या नर्सची तक्रार मला अजून जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी सोलापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिला चांगला पगार असूनही बँकेने घरकर्ज नाकारलं होतं. एका फायनान्स कंपनीचं थकीत कर्ज तिच्या नावावर दिसत होतं, त्यामुळे क्रेडिट स्कोअर पार घसरला होता.

"साहेब, मी आयुष्यात कर्ज काढलेलं नाही. महिन्याभरात मंजुरी मिळाली नाही तर फ्लॅट हातचा जाईल," ती रडवेली होऊन म्हणाली.

कागदपत्रांच्या झेरॉक्स कुणाकुणाला दिल्या, हा आमचा ठरलेला प्रश्न. तिने एका एजंटचं नाव घेतलं आणि मी मनात त्याला बेड्याही घातल्या. घाईने संशय घ्यायची खोड आम्हा पोलिसांना असतेच.

मी कंपनीकडून फाईल मागवली. त्यातला मोबाईल नंबर तिने दोनदा वाचला. "हा बाबांचा नंबर आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावलं. यंत्रमागावर जन्म गेलेला माणूस, बसा म्हटलं तरी बसेना.

"सही म्याच केली, साहेब. पोरगी नर्सिंग शिकाय गेल्ती. तिच्या आईचं आप्रेशन हुतं. कळलं असतं तर शिक्षान सोडून आली असती की. ह्या वयात मला कोन कर्ज देतंय?"

"मग हप्ते का बुडवले?"

हा शब्द त्यांना लागला. "बुडवतोय कशाला? वसुलीवाला दर म्हैन्याला दारात यायचा. शेवटच्या तीन हप्त्यांना आलाच न्हाई. पैसे देवापाशी ठेवलेत. येतील म्हनून वाट बघतोय."

कंपनीने इथली शाखाच बंद केली होती आणि त्यांना कोणी कळवलं नव्हतं. मुलगी रडत म्हणाली, "साहेब, मीच सही करायला सांगितली होती असं लिहा."

खोटा जबाब मी लिहून घेतला नाही. प्रेमापोटी केली तरी दुसऱ्याची सही हा गुन्हाच, हे वडिलांना बजावलं. तिने तक्रार मागे घेतली. कंपनी थोडी सूट देऊन प्रकरण मिटवायला तयार होती. "सूट घेऊ नका," मी सांगितलं, "तडजोडीचा शेरा क्रेडिट रेकॉर्डवर राहतो. पूर्ण भरा आणि कर्ज फिटल्याचा, बेबाकीचा दाखला घ्या."

तो फ्लॅट गेलाच, स्कोअर काही एका दिवसात सुधारत नाही. वर्षभराने दुसऱ्या घराचं कर्ज मंजूर झालं, तेव्हा बापलेक पेढे घेऊन ठाण्यात आले.

नोकरीभर मी पैसे घेऊन पळालेल्यांचा माग काढला. पैसे घेऊन दारात वाट बघत बसलेला माणूस एकच भेटला, आणि त्यालाच मी "का बुडवले" म्हणून विचारलं. त्या प्रश्नाची लाज मला आजही वाटते.